उलट्या पिळाची वात

"सुटना! नट सुटना!"

नट सुटला, म्हणून आमच्या अंगणात लोटलेलं अख्खं गाव ओरडत होतं. लष्कराच्या लिलावातून घेतलेल्या जीपच्या डाव्या चाकापाशी भैरवगीर बाबा गुडघे टेकून बसले होते. माझ्या मुलाने, लोटनने पान्याला पहार अडकवूनही जो गंजलेला नट हलला नव्हता, तो त्यांच्या तळहातावर होता.

"लोखंड आहे, बहिरं नाही!" बाबा गरजले. "माझं तीर्थ रोज प्यालं, मंत्र ऐकला आणि देवाच्या प्रदक्षिणेच्या दिशेने फिरलं. तुम्ही फिरवत होता उलटं, भुताच्या दिशेने!"

"पण बाबा, बठ्ठे, सगळेच नट तसेच उघडतात," लोटन म्हणाला.

"बाधा नसलेले!"

जटांना भस्म, नखांत मात्र काळं ग्रीस. मी ते पाहून ठेवलं.

"बाकीचे नट?" शेजारच्या मगनने विचारलं.

बाबांनी डोळे मिटले, ते उघडले नेमके आमच्या सुनेवर, ताईबाईवर. "ही उंबरा ओलांडून आली आणि गाडी रुसली. हिच्या अंगावरचं सोनं भैरवाला वाहा, हिला कायमची माहेरी धाडा. उद्या सकाळी बाकीचे नट फुलासारखे गळतील."

दोन पावसाळे उघड्यावर भिजलेली गाडी, आणि दोष काय तर सुनेचा पायगुण! ताईबाईचा हात गळ्यातल्या पोतीकडे गेला. "आई, मी त्या गाडीले हात बी लायेल नही शे," ती पुटपुटली. आमच्या ह्यांनी मान खाली घातली. लोटनने तर तोंडच फिरवलं. तिला माहेरी पिंपळनेरला धाडायचं म्हणून शिरपूरच्या मोटारअड्ड्यापर्यंत बैलगाडी ठरली सुद्धा.

माझा तुळशीच्या प्रदक्षिणेचा नेम आहे, लाख वातींचा संकल्प चालू आहे. पण सोन्याच्या पोतीसाठी नट अडवून धरणारा देव मला नवीनच होता. मी तीर्थासाठी ओंजळ पुढे केली.

बाबा दचकले. "हे यंत्राचं तीर्थ. माणसांना वर्ज्य!"

मी त्यांच्या तांब्यात बोट बुडवून हुंगलं. तीर्थाला आमच्या कंदिलाचा वास होता. रॉकेल!

गर्दी पांगल्यावर ताईबाईला घेऊन जीपपाशीच वाती वळायला बसले. नट निघालेल्या खिळ्यावरचे आटे, नट फिरतो त्या खाचा, समोर दिसत होते. त्यांचा पीळ पाहून हातातली वात तशीच राहिली. उठून उजव्या चाकाकडे गेले. तिथे नटाबाहेर आलेले आटे वेगळ्या बाजूला कलले होते.

"ताईबाई, बघ. ह्या चाकाचे आटे म्हणजे माझी वात, आणि त्या डाव्याचे म्हणजे उलट्या हाताने वळलेली."

ती निरखत राहिली. "म्हणजे आई, डावं चाक बनवणाऱ्यानेच उलटं कापेल शे?"

"आणि लोटन उघडतो म्हणून आवळत बसला."

दिवेलागणीला कंदिलातलं रॉकेल उरलेल्या नटांवर सोडलं.

सकाळी बैल जुंपलेले, बाबा हजर, गावही हजर.

"बाबा," मी हळूच म्हटलं, "आधी उजव्या चाकाचा एक नट उघडा. तुमच्या देवाच्या दिशेनेच."

"उजव्याला बाधा नाही."

"मग तर सोपं आहे."

लोक हसले. बाबा म्हणाले, "श्रद्धा हवी, बाई!"

"आहे ना. आज उपास आहे माझा."

बाबा पान्याला हात लावेनात. शेवटी मगनने पाना घेतला, प्रदक्षिणेच्या दिशेने जोर लावला. नट किंचाळला आणि आणखी घट्ट बसला.

मी ताईबाईला डाव्या चाकाशी बसवलं. तिने त्याच दिशेने पाना ओढला. पाटल्या पान्यावर वाजल्या. कर्र... नट फिरला. मग दुसराही.

"हिच्याच हाताने?" मगन बघतच राहिला.

"हो, हाच हिचा पायगुण."

"माझ्या तीर्थाचा प्रभाव!" बाबांनी अजून हात वर केला.

मी रॉकेलची बाटली त्यांच्यापुढे धरली. "मग प्या थोडं. गंजात शिरतं तसं पोटात शिरतं का पाहू."

चमत्कार एवढाच होता. रॉकेल मुरलं की गंज सैल होतो. अशा लष्करी जीपच्या डाव्या चाकाचे आटे कारखान्यातच उलटे कापलेले असतात, चालताना नट ढिले होऊ नयेत म्हणून असावेत. नखांत ग्रीस असलेल्या बाबांना हे ठाऊक होतं, आम्हाला नव्हतं. तेवढ्याच अज्ञानावर एका पोरीचा संसार मोडायला निघाला होता.

बायांनो, तुळशीला प्रदक्षिणा मी आजही घालते. पण घरातल्या पोरीला बाहेर काढायला सांगणारा भेटला, तर पाया पडण्याआधी त्याचं तीर्थ हुंगून पाहा.

बैल जुंपलेलेच होते. लोटनने खाली मान घालून कासरा हातात घेतला आणि बाबांना शिरपूरच्या मोटारअड्ड्यावर सोडून आला.