आखीव गावातला हातपंप

मित्रांनो, मी एक जुना लोखंडी हातपंप आहे. एरवी तोंड उघडलं की माझ्यातून पाणीच येतं, आज थोडी गोष्टही येऊ द्या. ज्याच्यामुळे मी अजून उभा आहे तो माणूस परवा गावी गेला आणि त्याचे आभार मानायचे राहून गेले.

माझा जन्म इंग्लंडमधला. एका गिरणीमालकाने आपल्या कामगारांसाठी कागदावर आखून एक गाव वसवलं होतं. मधोमध हिरवळ, भोवती एकसारखी घरं, वाचनालय, दवाखाना, सभागृह, आणि हिरवळीच्या कोपऱ्यात मी. बादल्यांची रांग लागायची तेव्हा माझा केवढा तोरा होता! पुढे घरोघरी नळ आले. गरज सरो, वैद्य मरो. मला उपटून कोठारात टाकलं आणि माझ्या अंगावर कोळ्यांनी संसार थाटले.

तिथून मला बाहेर काढलं त्याच गावात वाढलेल्या एका साहेबाने. तो सौदी अरेबियात, खमीस मुशैतजवळच्या डोंगरात, परदेशी इंजिनियरांसाठी वसाहत बांधत होता. ती हुबेहूब आपल्या गावासारखी व्हावी असा त्याचा हट्ट. तशीच हिरवळ, तसंच वाचनालय, तसंच सभागृह. बर्फ घसरून पडावा म्हणून उतरती छपरंसुद्धा केली. इथे पडल्याच तर गारा पडतात, पण हौसेला मोल नसतं. मलाही हिरवा रंग लावून हिरवळीवर रोवायचं ठरलं. खाली विहीर नाही, टाकी नाही. मी नुसता शोभेचा.

मला रोवायचं काम आलं जलालकडे. जलाल दापोलीकडचा, तेव्हा बाविशीतला प्लंबर. त्याने नकाशात पंप पाहिला, पण पाण्याची लाइन काही दिसेना. काढणाऱ्याच्या हातून राहिली असेल असं समजून या पठ्ठ्याने दोन शुक्रवारच्या सुट्ट्या घालवून माझ्याखाली छोटी टाकी बांधली आणि पिण्याच्या पाण्याची लाइन तिला जोडून दिली.

साहेब भडकला. न विचारता लाइन कापली म्हणून नोकरीच जायची वेळ आली. नोकरी गेली की इकामा, म्हणजे इथे राहायचा परवाना, गेला, आणि गावी तीन बहिणींची लग्नं व्हायची होती. जलालचा चेहरा उतरला. तरी तो म्हणाला, "साब, पंप है तो पानी होना मंगता. प्यासा आदमी आयेगा, दांडा मारेगा, खाली हाथ जायेगा. अच्छा नहीं लगता."

साहेबाला त्यातलं किती कळलं देव जाणे. पण तेवढ्यात उन्हातून दोन माळी आले, दांडा मारून पोटभर प्याले. साहेब बघत राहिला. मग पुढे होऊन तोही प्याला, माझ्या दांड्यावरून हात फिरवला आणि जलालला म्हणाला, "गुड." नोकरी वाचली.

माझ्या पोटात चामड्याचा वायसर असतो. तो ओला असेल तरच पाणी ओढता येतं, म्हणून आधी वरून थोडं पाणी ओतावं लागतं. जलालने माझ्या गळ्यात एक डबा अडकवला आणि सगळ्यांना नियम घालून दिला: प्यायलात की पुढच्यासाठी डबा भरून ठेवा. माळी, ड्रायव्हर, साहेबांची मुलं, सगळ्यांनी तो वर्षानुवर्षं पाळला. माझे सुखाचे दिवस ते हेच.

अलीकडे बाटल्या आल्या. डबा रिकामा राहू लागला, वायसर सुकून तडकला, मी मुका झालो. गेल्या रविवारी वसाहतीच्या नव्या व्यवस्थापक रूपाली मॅडम म्हणाल्या, "जलालचाचा, गुरुवारी भंगारवाला येतोय. हा पंप काढून ठेवा. पाणी तर येत नाही."

"गुरुवारी माझीपण फ्लाइट आहे, मॅडम. कायमचा चाललोय. दोघांना एकदमच खलास करताय काय?" जलाल हसला आणि त्याने माझ्या दांड्यावर हात ठेवला. "बुधवारपर्यंत द्या. पाणी नाही आलं तर मीच उपटून देतो."

तीन दिवस त्याने बाजार पालथा घातला. चामड्याचा वायसर आता कुठे मिळतो? बुधवारी सकाळी त्याने आपली बॅग उघडली. जेद्द्याच्या बलद बाजारातून घेतलेल्या कोऱ्या चामडी चपला बाहेर काढल्या. "या वेळी रबरी स्लीपर घालून येऊ नका," असं बायकोने, नूरुन्निसाने, फोनवर बजावलं होतं. जलालने एका चपलेचा तळ गोल कापला, खोबरेलात भिजत घातला आणि संध्याकाळी माझ्या पोटात बसवला.

डबाभर पाणी ओतून त्याने दांडा मारला. खर्र. पुन्हा मारला. खर्र. रूपाली मॅडम घड्याळाकडे बघू लागल्या. मला रडावंसं वाटलं, पण रडायलाही पाणी लागतं. तिसऱ्या दांड्याला मात्र पोटात काहीतरी घट्ट धरलं गेलं आणि बदाबदा पाणी आलं. मॅडम ओंजळीने प्याल्या. जलालने रिकामा डबा त्यांच्यापुढे धरला. त्यांनी तो काठोकाठ भरला.

गुरुवारी भंगारवाला जुने एसी घेऊन गेला, मला कुणी हात लावला नाही. जलाल मला सलाम करून गाडीत बसला तो रबरी स्लीपर घालून. आता डबा मॅडम स्वतः बघतात.

मित्रांनो, तुमच्या वाटेवर माझ्यासारखा एखादा म्हातारा असेल, तर त्याला शोभेला ठेवू नका, वापरा. तहान भागली की पुढच्यासाठी डबा भरून ठेवा. जलाल आपल्या घरी सुखरूप पोचला आहे. त्याची चप्पल मात्र अजून इथेच, माझ्या पोटात चालते आहे.