उपवासाचा खलबत्ता

बोईसरजवळ सरावलीच्या एका बैठ्या चाळीमागे, शेवाळाने हिरव्या झालेल्या भिंतीला टेकून काहीतरी काळं-तांबडं पडलेलं दिसतं ना मित्रांनो, तो मी. मी एक जुना बिडाचा खलबत्ता आहे. खरं सांगायचं तर आता नुसता खल. माझा बत्ता कुणीतरी खुंटी ठोकायला नेला, तो परत आलाच नाही. माझ्या पोटात पावसाचं पाणी साचतं आणि चिमण्या ते पिऊन जातात. एवढाच माझा उपयोग उरला आहे.

माझा जन्म भट्टीपाशी झाला. वितळलेलं बीड वाळूच्या साच्यात ओतलं, निवल्यावर साचा फोडला आणि कानशीने माझे काठ घासले. तिथून मी पालघरच्या बाजारात भांड्यांच्या एका दुकानात आलो. फळीवर वर्षभर धूळ खात बसलो होतो. १९७४ साली नवं लग्न झालेल्या पुष्पलताबाई तिथे आल्या. त्यांनी बत्ता उचलून माझ्या काठावर हलकेच टेकवला. मी वाजलो.

"अहो, देवळातल्या घंटेसारखा वाजतो," त्या यजमानांना म्हणाल्या. "हा उपवासाला ठेवू."

यजमान म्हणजे भगवंतराव. तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्यात ते फिटर होते. ते हसून म्हणाले, "भांड्यालासुद्धा उपवास घडवणार तू."

पुष्पलताबाई फार देवभोळ्या, आवाजाने फार मऊ. सोमवार धरलेला, संकष्टी धरलेली, दोन्ही एकादश्या धरलेल्या. घरात लसूण-मिरचीला एक दगडी खल होता. तो रोज मोरीत घासला जायचा. मी मात्र देवाच्या फडताळाखाली, पाटावर. लसणाची पाकळी मला कधी शिवली नाही. माझ्यात फक्त भाजलेल्या शेंगदाण्यांचा कूट व्हायचा. बाई आंघोळ करून, ओल्या केसांना पंचा गुंडाळून बसायच्या आणि नाम घेत बत्ता चालवायच्या. ना फार बारीक, ना जाड, असा तो कूट. चाळीतल्या बायका म्हणायच्या, "पुष्पावहिनींच्या खिचडीची चव आमच्या हाताला येत नाही." ते ऐकून मी मनात फुलायचो. ती माझीच चव होती.

एक गोष्ट नीट ध्यानात ठेवा मित्रांनो. बिडाला पाणी लागलं की गंज चढतो. म्हणून बाई मला कधी धुवायच्या नाहीत. जुन्या रेशमी वस्त्राचा एक तुकडा होता, त्याने पुसायच्या आणि पाटावर पालथा घालायच्या. दिसायला मी लखलखीत. पण माझ्या पोटात डोळ्यांना न दिसणारी बारीक छिद्रं आहेत. वर्षानुवर्षं शेंगदाण्याचं तेल त्यांत मुरत गेलं होतं.

पुढे चार वर्षांनी घरात मुलगी आली. हंसा. दोन वर्षांची असताना सोमवारी तिने आईच्या ताटलीतला खिचडीचा एक घास खाल्ला. घटकाभरात तिचे ओठ सुजले, अंगभर गांधी उठल्या. बोईसरचे डॉक्टर म्हणाले, "शेंगदाणा हा हिच्यासाठी विष समजा. एक दाणाही पोटात जाता कामा नये." त्या दिवसापासून हंसाच्या भाजीत कूट नाही, आमटीत कूट नाही, संक्रांतीचे लाडू निव्वळ तिळाचे. घरातलं तेलसुद्धा बदललं. कूट उरला तो फक्त बाईंच्या उपवासाच्या खिचडीत. बाईंनी देवापुढे हात जोडून सांगितलं, "हिच्या तोंडात जाईल ते सगळं मी सोवळ्यात करीन. तू सांभाळ."

हंसा तिसरीत गेली तेव्हा वर्गात अधिकाऱ्यांच्या कॉलनीतली एक मुलगी आली. तिच्या डब्यात सँडविच असायचं. हंसाने घरी येऊन हट्ट धरला.

"पोळीभाजी नको. मला सँडविच."

"अगं, त्यात असतं तरी काय?"

"काहीही असतं. तेच तर छान आहे."

बाईंनी शेजारणींना विचारून विचारून ते काम शिकून घेतलं आणि आपल्या व्रतांसारखे त्याचेही वार लावून टाकले. सोमवारी पावाला साय लावून वर साखर. बुधवारी उकडलेल्या बटाट्यात जिरं-मीठ, आणि स्लाइस तव्यावर तुपात खरपूस. गुरुवारी केळवे-माकुणसारकडच्या केळ्यांच्या चकत्या. शुक्रवारी दही फडक्यात टांगून त्याचा चक्का, त्यात किसलेलं गाजर. शनिवारी काकडी आणि दगडी खलातली कोथिंबिरीची चटणी. आणि मंगळवारी हंसाची सगळ्यात आवडती चटणी: तीळ, डाळं, सुकं खोबरं, घरी सुकवून सोललेल्या लाल भोपळ्याच्या बिया. हे सगळं कोरडं भाजून, कुटून, लोण्यात कालवायचं. शेंगदाण्याचा लवलेश नाही आणि चव मात्र तशीच खमंग. हंसा म्हणायची, "आई, कॉलनीतली निम्मं मागून घेते माझ्यातलं."

ती चटणी कुठे कुटायची? दगडी खलाला लसणाचा वास. आणि पोरीचं तर सगळं सोवळ्यात करायचं. मग घरातलं सगळ्यात शुद्ध भांडं कोणतं?

बाईंनी मला पुढ्यात ओढलं. काल सोमवारी माझ्यात कूट झालेला होता. मला कळत होतं. पण बत्ता आपटल्यावर वाजण्यापलीकडे मला कोणती भाषा येते?

त्या दुपारी हंसा शाळेतून आली ती ओठ खाजवत. पुढच्या मंगळवारी मानेवर गांधी. त्याच्या पुढच्या मंगळवारी खोकला. बाईंनी बेकरी बदलली. तीळ बदलले. मीठमोहऱ्यांनी दृष्ट काढली. वारा फिरला की कारखान्यांचा उग्र वास चाळीत यायचा. त्यालाही दोष देऊन झाला.

हंसाला शाळेत पोचवायला आणि आणायला लाडकी होती. डोंगराकडच्या पाड्यावरची. भाताची कापणी झाली की तिचं घर कामासाठी बोईसरकडे उतरायचं आणि पावसाच्या तोंडावर परत जायचं. ती घरची भांडीही घासायची. फक्त मला तिने हात लावायचा नाही, असा बाईंचा नियम. लाडकी हसायची. "ह्यो काळा तुमचा देव हाय का काकू?" हंसाचं आणि तिचं मोठं मेतकूट. वाटेत चिंचा, बोरं, गप्पा.

एका मंगळवारी हंसाला धाप लागली. भगवंतराव घरी होते. लाडकीच्या ओटीतून शेंगांची टरफलं खाली सांडली आणि त्यांची नजर तिथेच गेली.

"हे काय? हिला शेंगा चारतेस वाटेत?"

"मी खाते दादा. मला भूक लागते. पोरीला नाय देत."

"मग होतं कसं हे?"

लाडकीने माझ्याकडे बोट दाखवलं. "मंगळवारीच होतं, बगा तुमी. सोमवारी काकू त्याच्यात दाणे कुटतात. दर वेळी मी पायरीवर बसून बगते ना. तो एकदा धुवा की."

पुष्पलताबाईंचा चेहरा उतरला. मग हळूहळू कठोर झाला. मी त्यांना कधी असं पाहिलं नव्हतं. आवाज मात्र मऊच होता.

"लाडके, ते उपवासाचं भांडं आहे. त्यात कधी काही वाईट गेलेलं नाही. स्वतःची चूक देवाच्या भांड्यावर ढकलू नकोस."

"चूक नाय काकू. आमी भांडी घासतो. तेल कुठं राहतं ते आमाला कळतं."

"उद्यापासून येऊ नकोस."

हंसा रडत म्हणाली, "आई, तिने नाही दिल्या गं मला." पण लहान मुलीचं कोण ऐकतं? लाडकीने टरफलं वेचली, पदरात बांधली आणि ती मागच्या दाराने गेली. संध्याकाळपर्यंत चाळभर झालं, लाडकी पोरांना चोरून शेंगा चारते. तिला पुढे एकाही घरात काम मिळालं नाही. ती वीटभट्टीवर गेल्याचं मागाहून कळलं.

मी पाटावर पालथा होतो. एक बाई खरं बोलली होती आणि माझ्यामुळे तिचं काम गेलं होतं. त्या वेळी कुणी मला फोडून टाकलं असतं तरी बरं वाटलं असतं.

बाईंनी त्या आठवड्यात हंसाच्या तब्येतीसाठी आणखी एक व्रत घेतलं. मंगळवारचा उपवास. पाहा मित्रांनो, कसं होतं ते. मंगळवारी पहाटे त्या आंघोळ करून बसल्या आणि आपल्या उपवासासाठी माझ्यात मूठभर दाणे कुटले. कूट काढून घेतला. रेशमी तुकड्याने मला पुसलं, दोनदा पुसलं. आणि लगेच तीळ, डाळं, खोबरं, भोपळ्याच्या बिया. माझ्या भिंती अजून तेलाने ओल्या होत्या. बाई नाम घेत होत्या, आणि बत्त्याच्या प्रत्येक घावाला मी जिवाच्या आकांताने वाजत होतो. त्यांना तो घंटेचा आवाज वाटला.

"आज जास्त लोणी लावलंय हं," त्या डबा देताना म्हणाल्या.

मधल्या सुट्टीनंतर शाळेचे शिपाई महादू सायकल टाकून धावत आले. "वहिनी, चला. हंसा पडली. श्वास घेता येईना तिला. वर्गाच्या बाईंनी रिक्षात घालून दवाखान्यात नेलीय." पुष्पलताबाई तशाच पायात काही न घालता धावल्या. त्यांची खिचडी ताटलीत तशीच राहिली. दिवसभर तिच्यावर माश्या बसत होत्या.

दिवेलागणीला दोघे घरी आले, हंसाला दवाखान्यात ठेवून, तिची चादर न्यायला. भगवंतराव दारातच बसले. बाई माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या.

"वाचली," भगवंतराव म्हणाले. "डॉक्टर म्हणाले, पाच मिनिटं उशीर झाला असता तर काही खरं नव्हतं."

"अहो, त्यांनी मला विचारलं, चटणीत काय काय घातलं. मी सगळं सांगितलं. मग विचारलं, कुटली कशात. मी म्हटलं, माझ्या उपवासाच्या खलात, घरातल्या सगळ्यात स्वच्छ भांड्यात." बाईंनी माझ्याकडे पाहिलं. "आणि बोलता बोलता मला पहाटेचा कूट आठवला."

"लाडकी सांगत होती," भगवंतराव म्हणाले.

"हो. आणि मी तिला हाकललं."

बाईंनी मला उचललं. मला वाटलं, आपटतील. पण त्यांनी मागचं दार उघडून मला भिंतीशी ठेवलं, बत्त्यासकट, अगदी हळू. आणि दार लावून घेतलं. मी पुन्हा कधी घरात गेलो नाही.

हंसा आठ दिवसांनी घरी आली. डब्यातली सँडविचं चालू राहिली, वार तेच राहिले. चटणीला नवा पितळी खल आला. घरात शेंगदाणा पुन्हा आला नाही. बाईंचे उपवास आता केळ्यावर आणि दुधावर. पण हंसा रोज सकाळी डबा घेताना विचारायची, "आई, कशात कुटलंस?" दाराआडून मला ते ऐकू यायचं. बाई रोज तेच उत्तर द्यायच्या आणि रोज त्यांचा आवाज थोडा खाली जायचा. पोरगी मोठी होत गेली, पण विचारायची ती विचारायचीच. आईच्या हातचा घास घेण्याआधी तिला विचारावं लागायचं, हे त्या माउलीला किती लागत असेल, देवच जाणे.

पुढच्या वर्षी कापणी झाल्यावर बाईंनी भाजीवाल्या जमुनाबरोबर पाड्यावर निरोप धाडला. एका दुपारी लाडकी मागच्या दाराशी आली. वाळली होती. हातांना विटांचे घट्टे पडलेले.

"हंसाबाय कशी हाय?"

"बरी आहे. शाळेत गेलीय." बाई पायरीवर तिच्याजवळ बसल्या, तिच्याच पातळीला. "लाडके, माझं चुकलं. तुझं ऐकलं असतं तर पोरीवर ती वेळ आली नसती. मी चाळीत घरोघर जाऊन सांगितलंय. तू ये परत कामाला."

लाडकीने मान हलवली. "नाय काकू. तुमी सांगितलंत ते बरं केलंत. पण चाळीतल्या कुण्या बाईनं माझ्याकडं नुसतं बगितलं तरी मला आठवंल ते."

"मग मी काय करू गं?"

"काय नाय. पोर जगली ना? झालं." ती उठली. जाताना तिची नजर माझ्यावर पडली. माझे काठ गंजायला लागले होते. तिने वाकून पहिल्यांदाच मला हात लावला, पोटातून बोट फिरवलं आणि ते नाकाशी नेलं.

"ह्याला कशाला टाकलात?"

"नको वाटतं डोळ्यांसमोर."

"टाकायचा कशाला काकू," लाडकी म्हणाली. "निस्ता धुवायचा व्हता."

ती गेली. पुन्हा आली नाही.

मित्रांनो, तुमच्या वर्गात एखादं मूल 'मला हे चालत नाही' म्हणून डबा बाजूला सरकवत असेल, तर त्याला 'एक घास खा, काही होत नाही' असं म्हणू नका. त्याच्यासाठी काही करायचं झालं तर भांडं, सुरी, हात, सगळं साबणाने धुऊन घ्या. पुसलेलं आणि धुतलेलं यांत जिवाचं अंतर असतं. आणि तुमच्या घरची भांडी जी घासते ती काही सांगू लागली, तर हातातलं काम थांबवून ऐका.

हंसा आता कॉलेजात जाते. बाईंचे केस पिकले. मंगळवारी दुपारी त्या मागचं दार उघडतात, पायरीवर बसतात, डोंगराच्या बाजूला बघतात आणि उठून आत जातात. माझ्याकडे बघत नाहीत. ज्या पाण्याला त्या माझ्यासाठी भीत होत्या, ते पाणी नऊ पावसाळे माझ्या पोटात साचतं आहे. गंजाने मी निम्मा झालो, पण शेंगदाण्याचा वास माझ्यातून केव्हाच गेला. आता मी धुतलेला आहे.