नाताळसाठी कोरेला बेटावर स्वारी

लॉर्नाला हरवलं नाही, तर आमचा नाताळ तिच्या कॅरव्हॅनमध्ये, गाडीमागे ओढायच्या फिरत्या घरात, होणार होता. म्हणजे पायात अडकणाऱ्या तंबूच्या दोऱ्या, गवतात साप आणि दारातच समुद्र. आमची एडी नुकती रांगायला लागली होती, दिसेल ते तोंडात घालत होती. मी म्हटलं, नाताळ आमच्या घरी. लॉर्ना, म्हणजे माझी सासू, म्हणाली, "मग लढून घे."

बर्नी गावातल्या स्काउट हॉलमध्ये दर डिसेंबरात वर्षाचा मोठा युद्धखेळ होतो. कोरेला नावाचं बेट, जे कुठल्याच समुद्रात नाही. एका खोलीत चढाई करणारा, दुसरीत बेट राखणारा. नकाशा दोघांकडे तोच, पण समोरच्याच्या सोंगट्या दिसत नाहीत. हुकूम चिठ्ठीवर लिहायचे. पंच दोन्ही खोल्यांत फेऱ्या मारतो आणि कोण दिसलं, कोण बुडालं, तेवढंच सांगतो. शत्रूचा नकाशा पाहिला की डाव गेला. यंदा पंच होते नेव्हिलकाका, लॉर्नाचे धाकटे भाऊ.

माझा नवरा लॉकलन कोणाच्याच बाजूने नव्हता. "तिकडे आई, इकडे बायको. मी आपला तटस्थ देश," असं म्हणून एडीला कडेवर घेऊन तो दोन्ही खोल्यांत सँडविच खात हिंडत होता.

चढाई माझी होती. उत्तरेला रुंद, वाळूचा किनारा. तिथे कोणीही उतरेल, म्हणजे लॉर्ना तिथेच दबा धरून बसणार. दक्षिणेला नुसता चिखल, होड्या लागणार फक्त भरतीला. मी ठरवलं: उत्तरेला रिकामी जहाजं आणि भरपूर धूर, खरी फौज गुपचूप दक्षिणेला. मग मला काळजी लागली. भरती हुकली तर? पाणी संपलं तर? जखमींना उन्हात ठेवायचं कुठे? मी पाण्याची जादा जहाजं लिहिली, तंबूंचं एक लिहिलं.

नेव्हिलकाकांनी चिठ्ठी वाचून चष्मा कपाळावर चढवला. "ब्रायडी, ही स्वारी आहे की सहल?"

"पोरं उन्हाने भाजली तर तुम्ही येणार मलम लावायला?"

"मग मलमाचंही जहाज लिही."

मी लिहिलं.

थोड्या वेळाने भिंतीपलीकडून लॉर्नाचा आवाज आला, "बुडव त्या पोरीला." काका आले आणि चेहरा कोरा ठेवून म्हणाले, "उत्तरेला तुझ्या रिकाम्या जहाजांवर तोफा सुटल्या. सगळ्याच्या सगळ्या." ते चहा करायला गेले आणि मी रिकाम्या खोलीत एक गिरकी घेतली. दक्षिणेची फौज कोरडी, मलम लावलेली, राजधानीच्या रस्त्याला लागलेली. आता फक्त एक चिठ्ठी. मनात मी नाताळच्या पाव्हलोवा केकवर स्ट्रॉबेऱ्याही रचून टाकल्या.

तेवढ्यात लॉकलन एडीला घेऊन आला. तिच्या मुठीत एक चघळलेली निळी सोंगटी आणि ओठ निळे.

"हे काय?"

"आईच्या टेबलाखाली खेळत होती."

"किती होत्या हिच्या हातात?"

"मी काय मोजत बसलो होतो?"

मी व्हरांड्यातून धावत लॉर्नाच्या खोलीत शिरले. खोली रिकामी. समोर तिचा अख्खा नकाशा उघडा. मी टेबलाखाली घुसले, फरशी चाचपली, काहीच नाही. आणि माझ्याच खोलीतून लॉर्नाचा आवाज, "लॉकलन, तिचं तोंड उघड. माझी एक तोफ गायब आहे."

स्वयंपाकघराच्या दाराने ती तिकडे पोचली होती.

"एकच ना?" मी इकडून ओरडले.

"एकच. बाकीच्या मोजल्यात."

एकच, आणि तीही मुठीत. मी तिथेच फतकल मारून बसले.

"आणि तो रंग खाण्याचाच आहे," काका चहा ढवळत आले. "इथली सगळी पोरं सोंगट्या चघळूनच मोठी झाली. लॉकलनने तर आमचं आरमार संपवलं होतं."

"चव आठवते मला," लॉकलन म्हणाला.

पलीकडे लॉर्ना खोखो हसत होती. "त्या चिखलातून आलीस? आणि हे मलमाचं जहाज काय गं?"

काका खाकरले. "दोघींनीही नकाशे पाहिले. नियमाने डाव पंचाचा. नाताळ माझ्याकडे."

हसणं बंद झालं. लॉर्ना माझ्याजवळ येऊन उभी राहिली.

"नेव्हिल, तू बोटीवर राहतोस."

"धक्क्याला बांधलेली असते. बहुतेक वेळा."

लॉर्नाने माझ्याकडे पाहिलं नाही. नुसतं कोपराने ढोसलं. "कॅरव्हॅनला चाकं असतात, ब्रायडी."

"आमचं अंगण मोठं आहे," मी म्हटलं. "आणि कुंपणही आहे."

"शेकोटी?"

"जाळी लावून."

"झालं तर मग."

"म्हणजे मी जिंकलो की नाही?" काकांनी विचारलं.

"जिंकलास ना," लॉर्ना म्हणाली. "कोळंबी तू आण."