आगबोटीचं आवतण

खुशालराव पाटलांना फुकट मिळणाऱ्या गोष्टीची भारी धास्ती. कुणी न मागता विडा पुढं केला तरी ते आधी तो उलगडून पाहत, आत काय काय आहे ते हुंगत, आणि मग "आत्ताच खाल्ला" म्हणून जसाच्या तसा परत करत. लोक हसत. पाटलांना त्याचं काही वाटत नसे.

आणि ते दिवसही तसेच होते. सातासमुद्रापलीकडं अमेरिकेत भाऊबंदकी पेटली, तिथला कापूस विलायतेला जाईना, आणि आपल्या वऱ्हाडच्या बोंडाला आजा-पणज्यानं ऐकला नव्हता असा भाव चढला. काल ठिगळाचं धोतर नेसणारे आज बैलांच्या शिंगांना चांदीच्या शेंब्या घालू लागले. भाव चढला तशी लबाडीही चढली. कुणी कापसावर पाणी शिंपडी, कुणी गठ्ठ्याच्या पोटात सरकी कोंबी. म्हणून अमरावतीच्या बाजारात गेले की खुशालराव कुठलाही गठ्ठा, मग तो आपल्याला घ्यायचा असो की नसो, वरून पाहत नसत. कोपरापर्यंत हात आत घालून मधला पुंजका ओढून काढत आणि धन्याच्या तोंडाकडं बघत.

अशा माणसाच्या ओट्यावर एक दिवस अत्तराचा वास घेऊन चंद्रभान दलाल येऊन बसला. मुंबईच्या कुण्या बड्या कापूसवाल्या सेठचा हा माणूस. जिभेवर खडीसाखर.

"पाटील, द्वारकेला चला," तो म्हणाला. "मुंबईच्या बंदरातून आगबोटीनं. ना बैल थकायचे, ना चाक मोडायचं. रसोई ब्राह्मणाच्या हातची, पाणी ज्याचं त्याच्या घागरीतलं. किनारा सारखा नजरेसमोर, म्हणजे समुद्र ओलांडला असं जातगोत म्हणणार नाही. दिवसा हवा खायची, सांजेला बोटीवरच नारायणबुवांचं कीर्तन ऐकायचं. चार घटका मौज, अन् वर देवदर्शन."

नारायणबुवांचं नाव निघालं तसा पाटलांच्या काळजाला गळ लागला. अकोल्याचे हे हरिदास उभे राहिले की खुशालराव वीस कोसांवरून गाडी जुंपून जात. पण गळ लागला म्हणूनच ते सावध झाले. मासा ओढणाऱ्याला माशाची आवड ठाऊक असते.

"खर्च?" त्यांनी विचारलं.

"त्याचं नाव काढू नका. वऱ्हाडातल्या मोठ्या कास्तकारांना द्वारका घडवावी असं सेठजींच्या मनात आलं."

"आलं ते बरं झालं. पण कावून आलं?"

"पुण्यासाठी, पाटील."

"पुण्य त्याले मुंबईत भेटत नाही काय?"

चंद्रभान मोठ्यानं हसला, आणि त्या हसण्यात त्यानं उत्तर गिळून टाकलं हे खुशालरावांनी पाहून ठेवलं. "इचार करून सांगतो," एवढंच ते बोलले.

दाराआड त्यांची बायको मनकर्णा उभी होती. दलालाची पाठ फिरली तशी ती बाहेर आली, उंबरा पायानं चाचपत. दोन वर्षांपासून तिच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरत होता. तांदूळ निवडणं सुटलं होतं, आता तर माणूसही ती आवाजावरून ओळखी. सुईनं मोती सारणारा एक जण गावात येऊन गेला होता. खुशालरावांनी त्याच्या हाताचा कंप पाहिला आणि त्याला वेशीबाहेर घालवलं.

"मी जाईन द्वारकेले," ती म्हणाली.

"तुले ठाव आहे काय, बोट बुडते?"

"गाडी उलटत नाही काय? गेल्या साली नत्थुजी आपल्याच नाल्यात उलटला."

"त्याले नाल्यातून काढता आलं. दर्यात कोण उतरते?"

"ऐका. गाडीनं जायचं तं महिन्यामागं महिने जातीन. पोचू तोवर माह्या डोयात काय उरणार? मंग देवासमोर उभी राहून मी त्याच्या घंटेचा आवाज ऐकून येऊ? तो मले इथंही ऐकू येते."

पाटील म्हशीला पाणी दाखवायला उठून गेले.

गावात बातमी फुटायला वेळ लागला नाही. चुलतभाऊ भगवंतराव पारावर म्हणाले, "दादा, हे काही द्वारका-फिरका नोहे. आगबोटीत भरतात अन् मिरीच नावाच्या बेटावर नेऊन उतरवतात, ऊस तोडाले. तिकडून कोणी वापस आला नाही."

"मले पन्नाशीच्या बुढ्याले ऊस तोडाले नेईन तो? मंग सेठ लयच अडचणीत दिसते."

लोक हसले, पण खुशालरावांच्या मनात ते बेट जाऊन बसलं. बोट फुटेल, वादळ येईल, सोयरे पंक्तीतून उठवतील, मागं कोणी गंजी पेटवेल. एकेक भीती ते उन्हात वाळत घातल्यासारखी पसरून पाहत आणि पुन्हा गोळा करत. दुसऱ्या पारड्यात एकच वस्तू होती, मनकर्णेचे डोळे. आणि ती वस्तू रोज हलकी होत चालली होती.

शेवटी त्यांनी ठरवलं, बुवांनाच विचारायचं. देवाचं नाव घेणारं तोंड खोटं बोलायचं नाही. अकोल्याच्या जुन्या शहरात, मोर्णा नदीच्या अंगाला, पाटलांची लेक जमुना दिली होती. तिच्याकडं मुक्काम होईल आणि रामाच्या देवळात बुवांचं कीर्तनही ऐकता येईल. नवराबायको गाडीनं निघाले.

देवळात खच्चून गर्दी. पुढच्या रांगेत चंद्रभान, आणि त्याच्या भोवती आसपासचे झाडून सारे मोठे कास्तकार. खुशालरावांनी ते पाहिलं आणि मुद्दाम खांबाच्या आडोशाला जागा धरली. मनकर्णा जमुनेबरोबर बायकांत बसली.

बुवा उभे राहिले. टाळ-मृदंग मिळाले. कीर्तनाचा पूर्वरंग लागला. देव कुठं धुंडाळतोस बाबा, तो तुझ्या उंबऱ्याशी उभा आहे, तूच पाठमोरा आहेस, असं पद बुवांनी घेतलं, आणि काय रंगवलं म्हणता! घरातलं जातं देव, चूल देव, ओट्यावर आलेला भिकारी देव. खुशालरावांच्या डोळ्यांना धार लागली. क्षणभर दलाल, बोट, बेट सगळं विरून गेलं.

मध्यंतर झालं. बुवांना हार पडला, बुक्का लागला. चंद्रभाननं उठून त्यांच्या खांद्यावर जरीकाठी शाल घातली.

आणि उत्तररंगात बुवांनी आख्यान लावलं ते द्वारकेला निघालेल्या एका भाबड्या भक्ताचं. तो भक्त काट्याकुट्यांतून पायी गेला, रक्ताळला. "त्या बिचाऱ्याच्या काळी आगबोट नव्हती," बुवा म्हणाले. "आज ती आहे. कशी आहे? गरुडासारखी. पाणी कापते पण अंगावर थेंब येऊ देत नाही." पुढची रांग माना डोलावत होती.

खांबाआड खुशालरावांची मान मात्र ताठ झाली. आयुष्य कीर्तनं ऐकण्यात गेलेला माणूस तो. पूर्वरंगात पेरलेलं उत्तररंगात उगवतं, हा कीर्तनाचा धर्म. आधी सिद्धान्त, मग त्याचंच आख्यान. देव उंबऱ्याशी आहे म्हणायचं, आणि मग द्वारकेला बोटीनं चला म्हणायचं, हे नवशिका हरिदासही करणार नाही. नारायणबुवा तर नाहीच नाही. वरचा कापूस एक आणि पोटातला दुसरा. बुवांच्या गठ्ठ्यात कुणीतरी सरकी कोंबली होती.

आरती झाली. बुवांच्या पायावर डोकं ठेवायला सारे धावले. खुशालराव धावले नाहीत, आणि असं त्यांच्या हयातीत पहिल्यांदाच झालं.

सकाळी मोर्णेच्या काठी बुवा स्नान करून संध्या करत बसले होते. खुशालराव येऊन पायरीवर टेकले आणि त्यांचं आचमन संपेपर्यंत थांबले.

"बुवा, एक पुसू? रागावू नका."

"पाटील, काल नमस्काराला आला नाहीत तेव्हाच कळलं, आज पुसायला येणार."

"पूर्वरंग कोणाचा होता अन् उत्तररंग कोणाचा?"

बुवांनी पळी तांब्यात ठेवली.

"उत्तररंग चंद्रभानचा," ते म्हणाले. "गरुडसुद्धा त्याचाच. मी ती बोट पाहिलेली नाही. सेठ स्वतः बोटीवर येणार आहे, आणि पुढच्या सालच्या कापसाची बोलणी तिथं व्हायची आहेत."

"बोटीवर कावून?"

"बोटीवरून माणूस उठून घरी जाऊ शकत नाही, पाटील."

खुशालराव हसले. कोड्याची गाठ सुटल्याचं ते हसणं होतं. त्यात आनंद नव्हता. "अन् पूर्वरंग? तो आमाले इशारा होता म्हणा ना."

"इशारा देण्याइतकी हिंमत असती तर शाल घेतली असती का?" बुवा म्हणाले. "ते पद मी माझ्यासाठी घेतलं. मला पाण्याची भीती वाटते. लहानपणी याच नदीच्या पुरात वाहत गेलो होतो. जन्मभर क्षीरसागर गायला, पण खारा समुद्र पाहायची छाती झाली नाही. काल उभा राहिलो आणि तोंडातून आपसूक तेच आलं, देव इथंच आहे रे, कशाला जातोस."

"मंग जाऊ नका."

"जाणार. द्वारकेत त्याच्यासमोर एकदा उभं राहून गायचं आहे. दुसरी वाट आता या पायांना झेपत नाही. भीतीही खरी आणि जाणंही खरं. बाकी काल मी बोटीचं जे गायलो ते सोडून द्या. देवळात उभा राहून गायलो, ते मला झोंबतं आहे."

पाटील उठले. पायरी चढता चढता थांबले, परत खाली आले, आणि बुवांच्या ओल्या पायावर डोकं ठेवलं.

जमुनेच्या घरी मनकर्णा ओसरीत वाट पाहत बसली होती. त्यांनी तिला सगळं सांगितलं. मग म्हणाले, "बोटीची तारीफ करणारे लय भेटले. त्यातल्या एकाचाही मले भरोसा येत नव्हता. हा पहिला माणूस भेटला जो भेतो, अन् तरी जाते. मले वाटते आपण जावं."

"सेठच्या खर्चानं?"

"तसं तं त्यानं म्हटलं आहे."

"मंग मले नाही यायचं," मनकर्णा म्हणाली.

पाटील चक्रावले. "आता काय झालं?"

"दुसऱ्याच्या पैशानं तीर्थ केलं तं पुण्य त्याच्याच पदरात पडते. माह्या सासूनं सांगितलं, तुमाले नाही सांगितलं काय? डोये माहे जाणार, अन् दर्शन सेठचं होणार? इतके संशय घेतले तुमी, हा एक कसा सुचला नाही?"

जमुना पदरात तोंड लपवून हसत होती.

चंद्रभानला पाटलांनी निरोप दिला, की आम्ही आमच्या पैशानं येऊ, सेठजीच्या पंक्तीत बसणार नाही, आणि कापसाची गोष्ट द्वारकेहून परतल्यावर, अमरावतीच्या बाजारात, चार माणसांत. चंद्रभान म्हणाला, असं कसं, सेठजींना वाईट वाटेल. पाटील म्हणाले, वाटू दे, मोठा माणूस आहे, सोसंल त्याले.

मग खानदेशापर्यंत गाडीनं, पुढं आगगाडीनं, आणि मुंबईच्या बंदरातून आगबोटीनं ते निघाले. बोटीवर पाऊल ठेवण्याआधी खुशालरावांनी तिची फळी बोटांनी ठोकून पाहिली. खलाशांना विचारलं, मिरीच बेट कोणत्या बाजूले? त्यांनी दक्षिणेकडं हात केला. त्यानंतर किनारा उजव्या हाताला आहे ना, एवढं ते येता-जाता पाहत राहिले. सेठ एकदा जवळ येऊन बसला, प्रेमानं कापसाचं विचारू लागला. "मी इथं उतारू आहो," पाटील म्हणाले, आणि माळ ओढू लागले.

कीर्तन मात्र काही झालं नाही. बोट हलली तशी ती बुवांना अशी लागली, की उशीवरची मान त्यांनी उचललीच नाही. मनकर्णा त्यांच्या उशाशी लिंबू धरून बसे, आणि ते डोळे मिटून मिटून म्हणत, "बाई, उंबरा, उंबरा."

एका सकाळी वरून कुणीतरी ओरडलं, देऊळ दिसतं. सारे कठड्याशी लोटले. खुशालरावांनी मनकर्णेला दंडाला धरून पुढं आणलं आणि तिचं तोंड नीट त्या दिशेला वळवलं. लांब, पाण्याच्या कडेला, शिखर उभं होतं. ध्वजा वाऱ्यावर पसरलेली.

"दिसते काय?" त्यांनी विचारलं.

"दिसते," ती लगेच म्हणाली.

फार लगेच म्हणाली. पाटलांच्या मनात जुनी पाल चुकचुकली. तिनं हात जोडले होते, पण ते शिखराच्या थोडे बाजूला. विचारावं का, ध्वजेचा रंग कोणता? जिभेवर आलं होतं. असा प्रश्न विचारल्यावाचून त्यांनी आयुष्यात कुणालाच सोडलं नव्हतं.

"ध्वजा लय मोठी आहे," ते म्हणाले. "आपल्या गावच्या देवळाची काहीच नाही तिच्यापुढं. वारा आला की पुरी उलगडते. शिखराचा दगड काळपट आहे, उन्हाच्या बाजूनं जरा पिवळा. खाली पायऱ्या पाण्यापर्यंत आल्या आहेत, माणसं उतरून राहिली आहेत आंघोळीले."

"तुमी कावून सांगून राहिले? मले दिसते म्हटलं ना."

"दिसते तं दिसू दे. मी सांगतो."

ती त्यांच्या बाहीला धरून जवळ सरकली.

"पायऱ्यांचं सांगा," ती म्हणाली. "माणसं कशी उतरून राहिली?"