मंतरलेली पुडी

सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. व्यासपीठावर बाबा मधुमेहावरची पुडी वाटत होते. "गोळ्या फेकून द्या. ही नुसती मंतरलेली राख, थेट नशिबाला लागू पडते." आणि खरंच, बोट टोचून पाहिलं की साखर उतरलेली दिसे. लोक भारावून हात जोडत.

शिवणकाम करणाऱ्या मावशीही त्यांतल्याच. नवरा वारलेला, मुलगी परदेशी. बाबा त्यांना "आई" म्हणत; बाकी हाक मारणारं कुणी उरलं नव्हतं. दवाखान्याच्या गोळ्या त्यांनी केव्हाच सोडल्या होत्या.

पुढे पित्ताशयातल्या खड्यांचं ऑपरेशन ठरलं. भूल देणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी बजावलं, "रात्रीपासून पोट रिकामं ठेवा. सकाळी साखरेची गोळी घेऊ नका. आणखी काही औषध?"

"नाही," मावशी म्हणाल्या. पुडीला औषध म्हणणं त्यांना पाप वाटलं असतं.

सकाळी त्यांनी घोटभर पाण्याबरोबर पुडी घेतली आणि एकट्याच दवाखान्यात गेल्या. ऑपरेशनची वाट पाहताना त्यांना दरदरून घाम फुटला, जीभ जड झाली. साखर पार तळाला गेली होती. शिरेतून ग्लुकोज देऊन त्यांना शुद्धीवर ठेवलं. ऑपरेशन पुढे ढकललं.

"गोळी घेतली नाहीत, तर साखर एवढी उतरली कशी?" डॉक्टरीणबाई खाटेवर टेकल्या. "घरच्यांना विचारू का?"

"घरी कोण आहे विचारायला?" असं म्हणून मावशींनी पिशवीतली दुसरी पुडी त्यांच्या हातावर ठेवली.

तपासणीत उलगडा झाला. राखेत मधुमेहाच्याच गोळ्या कुटून घातल्या होत्या, त्याही भरपूर. पोटभर जेवलेल्या माणसाला तो चमत्कार वाटे. उपाशी पोटी तोच जिवावर उठला.

पुढच्या सभेत मावशींनी उभं राहून सगळं सांगितलं.

"तुमची श्रद्धा कमी पडली, आई," बाबा हसले.

"मग साखर चढायला हवी होती. ती तर उतरली."

कुणीतरी खुदकन हसलं. बाबा घाईने पाणी प्यायले. काहींनी पुड्या तिथेच टाकल्या. पण मावशींच्या शेजारणीने आपली खुर्ची दूर सरकवली. घरापर्यंत सोबत कुणीच आलं नाही.

दुसऱ्या खेपेला ऑपरेशन सुखरूप पार पडलं. घरी आल्यावर कुलूप मावशींनीच उघडलं.

राखेने साखर उतरत नाही. उतरलीच, तर तिच्यात काय कालवलंय ते शोधा. पोटात गेलेलं काहीही भूल देणाऱ्या डॉक्टरांपासून लपवू नका. आणि एकट्या माणसांची विचारपूस आपण करू या. ती बाबांवर सोपवली, म्हणूनच त्यांचं फावतं.