शेवग्याखालचं खुराडं

रात्री आंधी सुटली, सोसाट्याचं वादळ, आणि शेवग्याची फांदी नेमकी कोंबड्यांच्या खुराड्यावरच पडली. वरचं टीन दबलं, पऱ्हाटीचा, म्हणजे कपाशीच्या काड्यांचा कुड आडवा झाला. बाकीच्या कोंबड्या कशाबशा निघाल्या, पण खुडुक बसलेली अंड्यांवरून उठलीच नाही. ती तिथेच गेली.

ती कोंबडी आमची नव्हती. शेजारच्या सुशीलाकाकूंनी सासूबाईंना अर्धेलीनं दिलेली. सांभाळायची आम्ही, पिल्लं निघाली की अर्धी त्यांची. लोधीखेड्यातल्या आमच्या गल्लीत कोंबडी अर्धेलीनं द्यायची तर शांताबाईकडेच, म्हणजे माझ्या सासूबाईंकडेच, असं ठरलेलं. त्यांच्या हातची पिल्लं मरत नाहीत, असं बाया म्हणत.

खुराडं आधी स्वयंपाकघराच्या भिंतीला टेकून होतं. माझी तान्ही प्रज्ञा खोकायला लागली तसा मला अंगणातल्या प्रत्येक पिसात रोग दिसू लागला. मोबाइलवर मिळेल ते वाचलं, सासूबाईंना व्हिडिओ दाखवले, खुराडं घरापासून लांब हलवा म्हणून मागे लागले. "आई, विज्ञान आहे हे," असंही म्हटलं. मी बीएस्सी झालेली.

लांब जागा होती ती शेवग्याखालीच. "शेवगा कच्चा असते वं, फांदी कवाही मोडते," एवढंच त्या म्हणाल्या. मी तोंड पाडून बसले. मग त्यांनी एकट्यानं खुराडं उचकटून अंगणाच्या टोकाला, शेवग्याखाली नेलं. खोकला होता तसाच राहिला.

आंधीच्या दुसऱ्या सकाळी काकू आल्या. फुटलेल्या अंड्यांकडे पाहत उभ्या राहिल्या.

"काऊन वं शांते, भिंत चावत होती का तुले?"

"मलेच सुचलं. सावली हाये म्हटलं."

"सावली! म्हातारी झाली तू. आता कोण देईन तुह्याकडं कोंबडी?"

सासूबाई हसल्या. मी दारात, पोर कडेवर. एक वाक्य बोलायचं होतं. मी प्रज्ञाचं झबलं नीट करत राहिले. ते नीटच होतं.

त्यानंतर नळावर बाया बोलताना ऐकलं, शांताबाईचा हातगुण गेला म्हणून. मी हंडा भरला आणि घरी आले. हे सासूबाईंना सांगितलं नाही, आणि नळावरही काही बोलले नाही.

रविवारी खुराडं पुन्हा उभं करायला घेतलं. काकू खड्डे खणायला आपली सब्बल, लोखंडी पहार घेऊन मदतीला आल्या; आमच्या गल्लीत भांडण झालं तरी कामाला येतातच. सासूबाईंनी टीन ठोकून सरळ केलं आणि सब्बल उचलून गेल्या त्या थेट शेवग्याखाली. खड्डा खणू लागल्या.

"पुन्हा तिथंच? फांदी तुह्या डोक्स्यात पडली का वं?"

"पडायची ते पडून गेली. आता दुसरी कुठून येईन?"

माझ्याकडे त्यांनी पाहिलंही नाही. रागानं पाहिलं असतं तर मी काहीतरी उलट बोलले असते. पण त्या मुकाट खणत होत्या, माझ्यासाठी, त्याच जागी.

"आई, भिंतीला लावा," मी म्हटलं. "कोंबड्यांनी प्रज्ञाला काही होत नाही."

काकू वळल्या. "मंग तवा होत होतं का?"

"मीच हलवायला लावलं होतं, काकू. आईंचं काही नव्हतं त्यात."

"माहीत हाये." त्यांना जराही नवल वाटलं नाही. "जल्मभर पाहून राहिली मी हिले. शेवग्याखाली कोंबडी बसवणारी बाई नाही ते. तू कवा बोलतं, तेच पाहून राहिली होती."

म्हणजे त्या सकाळी मी झबल्याशी चाळा करत होते, तेव्हाही त्यांना कळलेलं होतं. बोलत त्या सासूबाईंशी होत्या, पण वाट माझ्या बोलण्याची पाहत होत्या.

"चूप वं सुशीले," सासूबाई म्हणाल्या. "लहान हाये ते."

"लहान तं तिची पोरगी हाये."

काकूंनी खुराड्याची जुनी लाकडी बल्ली उपटली आणि खांद्यावर घेऊन भिंतीकडे चालल्या. जाता जाता म्हणाल्या, "कोंबडी देईन मी पुन्हा. पण शांतेले देईन, नळावर सांगूनच देईन."

टीन न्यायचं राहिलं होतं. मी प्रज्ञाला खाटेवर ठेवून त्याचं एक टोक धरलं.

"सोड, हात कापन," सासूबाई म्हणाल्या. "लेकराले घे तू."

अजूनही त्या माझीच बाजू घेत होत्या. मी टोक सोडलं नाही, पण वर पाहणंही मला जमलं नाही.