उकळत्या वाडग्यातला दगड

मित्रांनो, तुमच्या जेवणात बारीकसा खडा निघाला तरी तुम्ही घर डोक्यावर घेता. आमचं पोतोसी म्हणजे दूरदेशीचं डोंगरातलं खाणींचं गाव. तिथल्या बाजारात उलटा कारभार. तिथं गिऱ्हाईक भांडतं, "मामी, माझ्या वाडग्यात दगड कुठंय?"

तो दगड म्हणजे मी. काळा, भोकाभोकांचा, मुठीएवढा. वय विचारू नका, माझ्यापुढे डोंगरसुद्धा पोरगा आहे.

मी ज्वालामुखीच्या पोटातला, त्यामुळे आमचं घराणंच गरम डोक्याचं. निकोलासा म्हणजे आमची पेजवाली मामी. तिच्या आईनं मला पाठीवरच्या कापडात बांधून बाजारात आणलं. नदीतला गोरागोमटा दगड निखाऱ्यात घातला की ठो करून फुटतो. आमची जात टिकते. पथ्य एकच : लालबुंद असताना गार पाण्यात टाकायचं नाही.

आई गेली, निकोलासा चुलीपाशी बसायला लागली. पहाटे मी निखाऱ्यात तापायचो. मग ती चिमट्यानं उचलून मला मातीच्या वाडग्यात सोडायची. आत मक्याच्या पिठाची दाट तिखट पेज, बटाटे, लामा नावाच्या लोकरीच्या जनावराचं वाळवलेलं मांस. हीच आमची कलापुर्का. मी पडलो रे पडलो की पेज अशी खदखदायची, की समोरच्याची मिशी मागं सरायची. एखादा शहाणा घाई करायचा आणि जीभ भाजून नाचायचा. काय सांगू, फार मजा यायची!

मग माणूस आपोआप वळणावर यायचा. कडेकडेनं चमचा फिरवायचा, फुंकर घालायचा, शेजाऱ्याची विचारपूस करायचा, घास तोंडात घोळवायचा. बुडबुडे थांबेपर्यंत पोटालाही कळायचं, की बाबा, भरत आलं.

फक्त एका माणसाला हे जमेना. निकोलासाचा नवरा, कासियानो. खाणीत उतरणारा. आमच्याकडे खाणीच्या आत कुणी जेवत नाही. भूक मारणारा कोकाचा पाला गालात धरायचा आणि दिवस काढायचा. म्हणजे पहाटेची पेज हेच काय ते जेवण. आणि रस्त्यावर ट्रक हॉर्न मारतोय. कासियानो दगड अर्धवट तापलेलाच घालून घ्यायचा, वाडगं तोंडाला लावायचा आणि गटागटा ओतायचा. मग दिवसभर ढेकर, छातीत जाळ, ढोलासारखं पोट.

दवाखान्यातली नर्स त्याला म्हणाली, "पोटाला दात नसतात हो! तुम्ही न चावता ढकलता, ते बिचारं दळत बसतं. घास खाली गेल्याशिवाय दुसरा उचलू नका."

"पोट माझं, बाई," कासियानो हसला. "ट्रक मुकादमाचा."

त्या दिवशी निकोलासानं मुलीला, रुफिनाला, हळूच सांगितलं, "उद्यापासून बापाचा दगड निखाऱ्यातून सगळ्यात शेवटी काढायचा. बघते कसा ओततो."

कटात मीही सामील! दुसऱ्या दिवशी असा तापून उतरलो, की वाडगं थांबायलाच तयार नाही.

"अगं भवाने, मारतेस काय मला?"

"मारायचं असतं तर गार दिलं असतं. चाव मुकाट्यानं."

रोज शिव्या, रोज फुंकर. पण पावसाळा संपेस्तोवर त्याची छातीतली जळजळ थांबली, पट्टा एक भोक आत गेला. अर्ध्या वाडग्यातच म्हणायला लागला, "बास, झालं माझं." एक दिवस घास चावता चावता थांबला.

"निकोलासा, यात कसला पाला घालतेस गं? वास भारी येतो. कधीपासून घालतेस?"

"लग्न झाल्यापासून."

आख्खा बाजार हसला. निकोलासानं मात्र तोंड वळवून डोळे पुसले. माझ्या आयुष्यातली ती सगळ्यात चांगली सकाळ.

मग खाणीत नवा मुकादम आला, सेवेरो. त्याचा हुकूम : पहिल्या ट्रकनं येईल त्याला चांगली जागा. मागून येईल तो मागच्या बोगद्यात. मागच्या बोगद्यात हवा खराब. तिथून माणसं खोकत येतात आणि मग खोकतच राहतात.

त्या पहाटे ट्रक लवकर आला. मी नुकताच वाडग्यात पडलो होतो, पेज उसळत होती.

"चल रे कासियानो!" सेवेरो ओरडला. "बायकोच्या मांडीवर बसून जेवतोस काय? निघालो मी!"

कासियानोनं निकोलासाकडं पाहिलं. ती पाठमोरी होती, निखारे फुंकत होती. त्यानं दोन चमच्यांत धरून मला बाहेर काढलं आणि भांडी विसळायच्या बादलीत टाकलं.

चर्र झालं. मग कडकन आवाज. माझे दोन तुकडे झाले.

बादलीतलंच गार पाणी त्यानं वाडग्यात ओतलं, आणि वाडगं तोंडाला लावलं. तळाशी मांसाचा चिवट गोळा होता. तो चावायचा होता. तो गेला तसाच.

आवाज ऐकून निकोलासा धावली ती बादलीकडं. "आईचा दगड फोडलास? आईचा? अरे, बोल की! तोंड शिवलंय का आता?"

तो बोलत नव्हता. दोन्ही हात गळ्याशी होते. चेहरा वांग्यासारखा झाला होता. रुफिना किंचाळली तेव्हा कुठं निकोलासानं वर पाहिलं. पाठीवर गुद्दे घातले, तोंडात बोटं घातली. बाहेर हॉर्न वाजतच होता. "येतोयस की नाही?"

तो गेला. ट्रकही गेला.

आमच्याकडे मेलेली माणसं दर नोव्हेंबरात जेवायला घरी येतात. दुपारी येतात, दुसऱ्या दिवशी दुपारी परततात. तोवर टेबलावरचं कुणी हलवत नाही. निकोलासानं पाव मांडले, फुलं ठेवली, पेज वाढली. रुफिनानं चिमट्यात नवा तापलेला दगड धरला.

"तो नको. त्याचा दे."

"आई, फुटकाय तो. तापवला तर उडेल."

"तापवायचा कशाला? गार हवी होती ना त्याला? घे म्हणावं, गार."

मला, म्हणजे माझ्या दोन तुकड्यांना, तिनं वाडग्यात ठेवलं. रिकाम्या खुर्चीसमोर स्टूल ओढून बसली. "आज ट्रक नाही, कासियानो," ती म्हणाली. "चाव आता."

मित्रांनो, मेलेल्या माणसाला आम्ही जेवायला आख्खा दिवस देतो. जिवंत होता तेव्हा मी त्याच्याकडे पेज निवेपर्यंतचाच वेळ मागत होतो. तुमच्या ताटात कुणी दगड ठेवणार नाही. हातातला घास तेवढा नीट चावा, चव घ्या, मग दुसरा उचला. ट्रक काय, उद्याही येतो.

मी अजून इथंच आहे, गार पेजेत बुडालेला. वर एकही बुडबुडा नाही.